झील धरणाऱ्यांसाठी

कार्तिकी एकादशीला साजगावची जत्रा भरते. खोपोलीला लागून असलेलं आमचं हे गाव एरवी शांत असतं, पण त्या दिवसांत ताकईच्या विठोबाच्या देवळाकडे सगळा खालापूर तालुका लोटतो. बाहेर पाळणे, घोंगड्या, मिठाईची दुकानं, बैलबाजार आणि ओळीने मांडलेली सुकी मासळी. देवाच्या दारात बोंबील विकले जातात, म्हणून लोक प्रेमाने या देवाला बोंबल्या विठोबा म्हणतात. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून इथवर येत, ही आख्यायिका आमच्याकडे घराघरात सांगितली जाते. घाटावरची वारी आणि खाडीकाठची मासळी एकाच अंगणात मांडणारी ही जत्रा मी परकरात असल्यापासून पाहत आले आहे.

त्या रात्री देवळात वेगवेगळ्या गावांची भजनी मंडळं आळीपाळीने बसतात. बुवा पेटीवर सूर धरतो, चरण उचलतो आणि सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागतात. मला मात्र त्याच्या मागच्या माणसांचं कुतूहल वाटत आलं. दिवसभर शेतात नाहीतर कारखान्यात राबून आलेली ही माणसं. बुवाने चरण सोडला की ती तो नेमक्या मात्रेला उचलतात. त्याचा श्वास अपुरा पडला तर चरण लांबवतात, तो तानेत शिरला तर गप्प राहून त्याला वाट देतात. पखवाजाने लय चढवली की कुणी न सांगता सगळ्यांचे टाळ चढतात. शाहिराच्या मागे उभं राहून पालुपद उचलणाऱ्याला आपण झीलकरी म्हणतो आणि त्या कामाला झील धरणं. भजनात त्यांना टाळकरी म्हणतील, पण काम तेच. त्यांची नावं पत्रिकेवर छापत नाहीत. तरी ते उठून गेले तर बुवाचं भजन होणार नाही, हे गावातलं लहान पोरही जाणतं.

हे पुस्तक महाविद्यालयांतल्या झीलकऱ्यांविषयी आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या काही शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कॉलेजातल्या गाण्याच्या, नाटकाच्या, नाचाच्या आणि चित्रकलेच्या मंडळांचे अनुभव इथे लिहिले आहेत. मंडळ कसं उभं राहिलं, कशावरून मोडलं, पुन्हा कसं जमलं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. प्रस्तावना लिहिताना मी त्या अनुभवांची पुनरुक्ती करणार नाही. ते ज्या जमिनीत रुजलेले आहेत, ती जमीन वाचकाला दाखवणं एवढंच माझं काम.

सुरुवात एका शब्दापासून करते. ‘पोरगी आर्ट्सला आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा ती इतिहास, अर्थशास्त्र, मराठी किंवा राज्यशास्त्र शिकते असा त्याचा अर्थ असतो. आपल्या बहुतेक कॉलेजांच्या कला शाखेत गाणं नाही, चित्र नाही, नाच नाही. ज्याला गायचं असेल त्याने गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा बाहेरून द्याव्यात, ज्याला चित्र काढायचं असेल त्याने शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट देऊन पुढे जे. जे. ची वाट धरावी, अशी आपल्याकडची विभागणी. त्यामुळे ज्याला कलाकार व्हायचं आहे त्याच्यासाठी एक दरवाजा उघडा राहिला आणि ज्याला अर्थशास्त्र शिकतानाच गायचं आहे, बी.एस्सी. करतानाच माती मळायची आहे, त्याच्यासाठी कॉलेजचं गॅदरिंग तेवढं उरलं. ही दुसरी मुलं संख्येने कितीतरी जास्त आहेत. हे पुस्तक त्यांच्या बाजूने बोलतं.

ज्ञान आणि कला एका छताखाली असाव्यात हा विचार आपल्याकडे नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा सुरू केली. त्याच बडोद्यात १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झालं आणि १९५० मध्ये त्यात ललित कलांची स्वतंत्र विद्याशाखा निघाली. विज्ञान, वाणिज्य आणि कायदा शिकवणाऱ्या विद्यापीठाने चित्रकार-शिल्पकारांनाही तेवढ्याच मानाने पदवी द्यावी, हे त्या काळी धाडसाचं होतं. बेंद्र्यांसारखा चित्रकार तिथे शिकवायला होता. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांनी घराण्याच्या दाराआड असलेलं गाणं वर्गात आणून बसवलं. गुरूच्या घरी राहून सेवा न करताही गाणं शिकता येतं, हे त्यामुळे सामान्य घरातल्या मुलांना कळलं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं, मुंबई विद्यापीठानेही लोककला अकादमी उभारली. ही सगळी मोठी कामं आहेत.

पण महाराष्ट्राच्या महाविद्यालयांत कला खरी वाढली ती वर्गाबाहेर. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं ते १८८३ मध्ये. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्याच कॉलेजचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिलं आणि ते व्यावसायिक रंगभूमीवर गाजलं. शेक्सपिअर वर्गात शिकवायचा आणि रंगमंचावर उभा करायचा, या दोन गोष्टी त्या पिढीला वेगळ्या वाटत नव्हत्या. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढलं. तिथल्या म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं आणि विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही या कॉलेजच्या नाटकापाशी थांबावं लागतं. ज्या मुलांच्या आजोबांना गावच्या नाटकात फार तर मशाल धरायला मिळत होती, ती मुलं तिथे आपलाच इतिहास बोलत होती.

पुण्यात १९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासकने पुरुषोत्तम करंडक सुरू केला. भरत नाट्य मंदिरात आपापल्या कॉलेजच्या नावाने ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत उभं राहिलेलं प्रेक्षागृह ज्याने एकदा अनुभवलं, त्याला ते जन्मभर आठवतं. याच शहरातल्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकताना नाटक करणारे जब्बार पटेल आणि मोहन आगाशे पुढे ‘घाशीराम कोतवाल’मध्ये एकत्र आले. १६ डिसेंबर १९७२ चा तो पहिला प्रयोग. त्यात रंगमंचावर माणसांची एक रांग उभी राहते. ती गाते, नाचते, पाठ फिरवते आणि कधी भिंत, कधी पडदा, कधी बघ्यांचा जमाव होते. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना त्या रांगेच्या अंगावर उभी होती. नाटकात नाना फडणवीस आहे, घाशीराम आहे, पण प्रेक्षक घरी घेऊन जातो तो हा माणसांचा पडदा. खोपोलीच्या तळ्याकाठी नाना फडणवीसांनी बांधलेलं वीरेश्वराचं देऊळ आहे. मी शिकवते त्या कॉलेजातली मुलं रोज त्यावरून जातात. त्यांना मी घाशीराम सांगते तेव्हा आधी त्या रांगेविषयी सांगते, कारण त्या रांगेतला प्रत्येक जण झीलकरी आहे.

राष्ट्र सेवा दलाचं कलापथकही याच गोत्रातलं. वसंत बापटांच्या नेतृत्वाखाली त्या पथकातून तयार झालेल्यांत निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसं होती. त्यांना तिथे प्रथम गटात उभं राहायला शिकवलं. एकट्याने उठून दिसण्याची वेळ पुढे आली. मला ही क्रमवारी महत्त्वाची वाटते.

आता आजच्याकडे वळते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कलेचं वर्ष फिरतं ते युवा महोत्सवाभोवती. विद्यापीठांच्या युवा महोत्सवांची देशपातळीवरची परंपरा १९५४ मध्ये दिल्लीच्या तालकटोरा बागेत भरलेल्या पहिल्या आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत मागे जाते. आज जिल्ह्याच्या फेरीतून विद्यापीठात, तिथून राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’मध्ये आणि पुढे राष्ट्रीय महोत्सवात जाण्याची शिडी आहे. नियम काटेकोर असतात. राष्ट्रीय नियमांप्रमाणे समूहगानाला गायक जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन आणि वेळ दहा मिनिटं. लोकनृत्याला नाचणारे दहापर्यंत. एकांकिकेला अर्धा तास. मूकाभिनयाला पाच मिनिटं. मातीकामाला अडीच तास, आणि विषय तिथल्या तिथे मिळतो.

हे आकडे वाचणाऱ्याला कोरडे वाटतील. ज्याने सहा मुलांना घेऊन समूहगान बसवलं आहे, त्याला त्यांच्यामागचं महाभारत माहीत असतं. पहिला प्रश्न पट्टीचा. मुलगे काळी एक-दोनमध्ये सुखाने गातात, मुलींना काळी चार-पाच लागते. मधली पट्टी धरली की मुलगे वर ताणतात आणि मुलींचा खर्ज हवेत विरतो. मग रचना अशी करावी लागते की एक ओळ मुलांच्या वाट्याला येईल, एक मुलींच्या, आणि दोघं एकत्र येतील ती जागा दोघांच्याही गळ्याला सोसेल. दुसरा प्रश्न श्वासाचा. सहा जणांनी एकाच जागी श्वास घेतला की गाण्यात खड्डा पडतो. तेव्हा कुणी कुठे श्वास घ्यायचा हे ठरवून घ्यावं लागतं, आणि शेजारच्याचा श्वास संपत आलेला कानाने ओळखून आपला सूर धरून ठेवावा लागतो. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, तो चांगल्या गळ्याच्या मुलाचा. त्याला आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळायला शिकवायचं असतं. एकट्याने गाऊन बक्षीस मिळवणं त्याला सोपं जातं, पाच जणांबरोबर एक होणं जड जातं. एकदा ते जमलं की त्याचं एकट्याचं गाणंही बदलतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कान तयार झालेला असतो.

म्हणूनच या प्रस्तावनेतलं माझं म्हणणं मी इथेच सांगून टाकते. महाविद्यालयातल्या कलामंडळाचं पहिलं काम ऐकायला शिकवणं हे आहे. कलाकार घडवणं, करंडक आणणं, कॉलेजचं नाव करणं ही सगळी त्यामागून येणारी फळं. आली तर आनंद, नाही आली तरी मंडळाचं काम वाया जात नाही. अठरा ते एकवीस या वयात मूल स्वतःचा आवाज शोधत असतं, आणि नेमकं त्याच वयात त्याला दुसऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय लागली, तर ती आयुष्यभर पुरते. दवाखान्यात, बँकेत, शेतात, ग्रामसभेत, घरात. टाळ हातात धरून अर्धी रात्र दुसऱ्याच्या गाण्याला आधार देणारी आमची माणसं कुठल्या कॉलेजात गेली नव्हती, पण हे शिक्षण त्यांच्याकडे होतं.

मग प्रश्न येतो की हेच शिक्षण घेऊन घरून आलेल्या मुलांना कॉलेज काय देतं? आणि इथे मला एक आठवण लिहिली पाहिजे. ती माझ्याच चुकीची आहे.

एका वर्षी समूहगानाच्या निवडीला ठाकरवाडीवरची एक मुलगी आली होती. आवाज मोठा, उघडा, धारदार. बंद खोलीत ती गायली की बाकीच्या पाच जणी झाकल्या जायच्या. मी आठवडाभर तिला आवाज दाबायला सांगत राहिले आणि शेवटी, स्पर्धा जवळ आली म्हणून, तिला वगळलं. ती काही बोलली नाही. त्या वर्षी गौरीच्या दिवसांत मी एका विद्यार्थ्याच्या घरी वाडीवर गेले होते. अंगणात बायकांचा फेर चालला होता आणि मधोमध तीच गाणं सांगत होती. ढोलाच्या वर, पावसाच्या वर तिचा आवाज पलीकडच्या घरापर्यंत जात होता आणि वीस-पंचवीस बायका तो उचलून पुढे नेत होत्या. तो आवाज उघड्यावर, अंतर ओलांडण्यासाठी घडलेला होता. दोष गळ्यात नव्हताच. मी जी रचना बसवली होती तिच्यात या गळ्याला जागा नव्हती. पुढच्या वर्षी मी गाण्याची सुरुवात एकट्या आवाजाच्या सादेने होईल अशी रचना केली. पण तोवर ती मुलगी कॉलेज सोडून गेली होती.

या भागातल्या समूहकला मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. आगरी लग्नात धवलारीण धवला गाते आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढे सरकत नाही, भटजीच्या मंत्राइतकाच तिचा शब्द लागतो. कुणब्यांचा बाल्या नाच आहे, पायातल्या घुंगरांवर आणि मृदंगावर चालणारा. ठाकरांचा कांबडनाच आहे, ढोलनाच आहे. कातकरी वाड्यांवरची गाणी आहेत. ल. ना. चापेकरांनी ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ हे पुस्तक लिहिलं, ते १९६० मध्ये प्रसिद्ध झालं आणि या डोंगरातल्या ठाकरांचं जगणं त्यात बारकाईने नोंदलं गेलं. पण पुस्तकात नोंद होणं वेगळं आणि गळ्यात राहणं वेगळं. जे गाणं कुठल्या वहीत नाही, ते माणसांतच असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच तालुक्यातली इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. त्या रात्री घरंदारं, माणसं, गुरं गेली, त्या दुःखाला कशाची तोड नाही. आणि त्या माणसांबरोबर त्यांच्या गळ्यात काय काय होतं, तेही गेलं. त्यानंतर वाडीवरची कुणी मुलगी वर्गात गुणगुणताना दिसली की मी शिकवणं थांबवून ऐकते.

युवा महोत्सवात लोकनृत्याची स्पर्धा असते. बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी शहरातून नृत्यदिग्दर्शक येतो, भाड्याचे चकचकीत कपडे येतात, आणि दहा मिनिटांत कोळीनृत्य, गोंधळ किंवा आदिवासी नृत्य बसवलं जातं. नाचणाऱ्या दहा मुलींपैकी चौघींच्या घरी तो नाच खरोखर नाचला जातो, पण त्यांना कुणी विचारत नाही. त्याच त्यांच्या नाचाची शहरी नक्कल बाहेरच्या माणसाकडून शिकतात. मी दिग्दर्शकांना दोष देत नाही, त्यांच्याकडून शिस्त आणि रंगमंचाची समज मिळते. पण त्याआधी वाडीवरच्या आजीला कॉलेजात मानाने बोलवावं, तिला मानधन द्यावं, नाच कधी नाचतात आणि कधी नाचत नाहीत हे तिच्या तोंडून ऐकावं, आणि रंगमंचावर नेण्याआधी तिची परवानगी घ्यावी. या पुस्तकातल्या दोन लेखांत हे कसं केलं ते सांगितलं आहे. मला ते लेख पुस्तकाचं काळीज वाटतात.

स्पर्धेविषयी आणखी एक बोलायला हवं. पुरुषोत्तम करंडकाने आपल्या महाविद्यालयीन रंगभूमीला जोर दिला. त्याच करंडकाने आपल्याला एक धडाही दिला आहे. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकांकिका न आढळल्याने तो कुणालाच दिला नाही. त्यावर मोठा वाद झाला, दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. मला त्यात एक गोष्ट दिसली. करंडक न मिळाल्याने ज्या मंडळांचं काम थांबत नाही, ती खरी मंडळं. तालमीच्या त्या महिन्यांत जे कमावलं ते परीक्षकांच्या हातात नव्हतंच. वर्षातून एक महिना पेटणारं आणि अकरा महिने विझलेलं मंडळ कितीही बक्षिसं आणो, ते त्या मुलांचं झालेलं नसतं.

आमच्या भागात या महिन्याचंही एक दुखणं आहे. युवा महोत्सवाच्या प्राथमिक फेऱ्या पावसाळ्यात येतात, आणि त्याच सुमारास शेतावर भातलावणी चालू असते. घरात चार हात कमी पडतात तेव्हा मुलगा तालमीला कसा येणार? लावणी उरकली की गणपती आणि गौरी. त्यात खोपोलीची लोकल, शेवटची टमटम, अंधार पडण्याआधी वाडी गाठायची मुलींची घाई, कारखान्यातल्या पाळीवर जाणारी मुलं. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात रात्री दहापर्यंत तालीम चालते, इथे पाच वाजता पेटी बंद करावी लागते. ही मुलं उत्साहात कमी नसतात. त्यांच्याकडे वेळ कमी असतो. म्हणून इथल्या मंडळाचं कॅलेंडर इथल्या शेताकडे पाहून आखावं लागतं. तालमीचा भर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत हवा, भात झोडून झालेलं असतं आणि जत्रांचे दिवस असतात तेव्हा. पावसाळ्यातली स्पर्धा मग आधीच तयार असलेल्या मंडळाची असेल, तिच्यासाठी घाईने जमवलेल्या टोळीची नसेल.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक संधी आणली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पदवीची जी रचना ठरवली आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून जी लागू झाली, तिच्यात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत. राष्ट्रीय सेवा योजना, एन.सी.सी., खेळ, योग यांच्या बरोबरीने सांस्कृतिक उपक्रम आणि ललित, दृश्य व प्रयोगीय कला तिथे आल्या आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास, दोन श्रेयांक म्हणजे साठ तास. साठ तासांत गळा तयार होणार नाही, पण कान नक्की तयार होतो. हे तास वेळापत्रकात दिवसा बसवले, तर वाडीवरची मुलगीही घरी वेळेवर पोहोचून मंडळात राहू शकते. मात्र हेच तास वहीत सह्या करून, प्रकल्पाच्या दहा पानांत उरकले गेले, तर आपण मोठी चूक करू. श्रेयांक मिळेल आणि कला पुन्हा गॅदरिंगपुरती उरेल.

मंडळ उभं करायला किती सामान लागतं? एक पेटी, एक तबलाजोडी, एक ढोलकी, जमलं तर पखवाज. चित्रांसाठी कागद, पोस्टर रंग आणि मातीचा ढीग. माती तर पेणच्या वाटेवरच आहे. ज्या भागात गणपतीच्या मूर्ती घडवणारी घरं आहेत, तिथल्या कॉलेजात मातीकामाचं मंडळ नसावं याची मला खंत वाटते. एक खोली, तिची किल्ली विद्यार्थ्यांकडे. आणि एक शिक्षक, ज्याला गाता आलंच पाहिजे असं नाही, पण थांबता आलं पाहिजे. मुंबईच्या सेंट झेवियर्समधला इंडियन म्युझिक ग्रुप आणि त्यांचा जानफेस्ट, किंवा रुइयाचं नाट्यवलय, ही नावं टिकली यामागे पिढ्यांमागून पिढ्या विद्यार्थ्यांनी उचललेला भार आहे. आपल्याकडे साधनं कमी असतील, पण भार विद्यार्थ्यांच्या हाती देण्याला साधनं लागत नाहीत.

मंडळाने काय सादर करावं, याचं उत्तरही दूर नाही. आमच्या तालुक्यातच छावणीजवळ उंबरखिंड आहे, जिथे १६६१ साली शिवरायांनी कारतलबखानाच्या फौजेला कोंडीत पकडलं. त्यावर पोवाडा उभा राहिला तर तो ऐकणारा श्रोता ती खिंड पाहून आलेला असेल. माथेरानचे भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील यांनी मुंबईची वीज तोडण्यासाठी मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते हुतात्मा झाले. मुंबईला जाणारी ती वीज टाटांच्या खोपोलीच्या वीजघरासारख्या केंद्रांतूनच निघत होती. ते वीजघर १९१५ पासून आमच्या डोळ्यांसमोर आहे. ही एकांकिका लिहायला मुलांना ग्रंथालयाइतकंच गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसावं लागेल. आणि प्रयोग प्रथम ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या गावात व्हावा, मग स्पर्धेत. गावचा प्रेक्षक चूक लगेच सांगतो आणि तितक्याच लगेच पोटाशी धरतो.

या पुस्तकातल्या लेखांत तुम्हाला यशाच्या कथा कमी सापडतील. तबलजी परीक्षेच्या दिवशी आजारी पडल्यावर टेबल वाजवून पार पडलेलं गाणं आहे. घरच्यांनी नाटकाला नकार दिल्यावर प्रकाशयोजना शिकलेली आणि तिथेच रमलेली मुलगी आहे. तीन वर्षं फक्त पडदा ओढणारा एक मुलगा आहे, त्याचा लेख मी तीनदा वाचला. प्रयोग संपताना पडदा कुठल्या वेगाने पाडायचा, हे त्याला समोरच्या शांततेवरून कळायचं, असं तो लिहितो. मी त्याला ओळखते. तो आज दुकान चालवतो, रंगभूमीवर नाही. पण गिऱ्हाईक बोलत असताना तो मधे बोलत नाही.

यंदाच्या जत्रेत मी देवळात बसले होते. पहाटेकडे एका मंडळाचा बुवा थकला, आवाज बसला. त्याने पेटी पुढे सरकवली आणि मागे पाहिलं. मागच्या टाळकऱ्यांतला एक कॉलेजातला मुलगा पुढे आला. बुवा उठून त्या मुलाच्या जागी जाऊन बसला, टाळ उचलले आणि मुलाने सोडलेला चरण त्याने धरला. हा मुलगा वर्षानुवर्षं मागे बसून ऐकत होता, म्हणून पुढे बसू शकला. आणि बुवा मागे बसायला लाजला नाही, म्हणून भजन थांबलं नाही.

आपल्या महाविद्यालयांत अशी मागची जागा मानाची व्हावी, ही या पुस्तकामागची इच्छा आहे. ते वाचून एखाद्या शिक्षकाने कपाटातली पेटी बाहेर काढली, पुसली आणि मुलांना खोलीची किल्ली दिली, तर लिहिणाऱ्यांचं काम झालं.

साजगाव
कार्तिक वद्य पंचमी